सुजतो गाल, मग तुकडा ओठाचा का?

प्रश्न : आईच्या तोंडाला सतत कोरड असते. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. सूज येते कानाखाली, पण डॉक्टर खालच्या ओठाची बायोप्सी करायला सांगतात. असं का?

उत्तर : या लक्षणांवरून डॉक्टरांना शोग्रेन सिंड्रोमची शंका आली असावी. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 च्या प्रबंधात अशा 19 स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या 13 जणींना संधिवातही होता. या आजारात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात.

आता ओठाचं. कानाखालच्या मोठ्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते, म्हणून तिथे सुरी लावताना फार जपावं लागतं. ओठाच्या आतल्या अस्तराखाली मात्र बारीक लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. आजार त्यांनाही सोडत नाही, आणि जागा बधिर करून लहानशा छेदातून त्यातल्या चार-पाच सहज काढता येतात.

सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी लाळग्रंथी द्राक्षाच्या घडासारखी दिसते : मणी लाळ बनवतात, देठासारख्या नळ्या ती तोंडात आणतात. शोग्रेनमध्ये या नळ्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी दाटीवाटीने जमतात. 50 किंवा जास्त पेशींचा एक पुंजका म्हणजे एक ‘फोकस’. 4 चौरस मिलिमीटरमध्ये सरासरी निदान एक फोकस भरला, तर तो शोग्रेनच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरतो. वयोमानाने ग्रंथी सुकते, तंतुमय होते, तेव्हाही अशा पेशी इकडेतिकडे दिसतात. पण पुंजके धडधाकट मण्यांना खेटून असले की पॅथॉलॉजिस्ट सावध होतात.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते वेगळंच. तोंड पार कोरडं पडलेल्या रुग्णाच्या तुकड्यातही पुष्कळ मणी शाबूत सापडतात. ते मेलेले नसतात, मुके झालेले असतात. मज्जातंतूंचा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणूनच पायलोकार्पिनसारखं औषध उरलेल्या मण्यांना चेतवून काही जणांना लाळ परत मिळवून देतं.

लाळ आटली की दात झपाट्याने किडतात, तेव्हा आईंना दंतवैद्यांकडेही न्या. आणि कानाखालची सूज उतरेनाशी झाली, गाठ घट्ट लागू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. या आजारात क्वचित लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग, होतो. तो वेळीच शोधावा लागतो.