विषाद ऐकून घेणारा

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे गांडीव हातातून गळते. त्याचे सारे बोलून होईपर्यंत श्रीकृष्ण मध्ये बोलत नाहीत. उत्तर येते ते दुसऱ्या अध्यायात. आपण मात्र 'मन घट्ट कर' म्हणून मोकळे होतो!

द हेगमधील सुरिनामी हिंदुस्थानी तरुणींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. अब्रूपायी दुःख घरातच कोंडते. आपली मराठी घरे याहून फार वेगळी नाहीत.

इथे पार्नासियाची तातडीची मानसोपचार सेवा आहे, पण वाट हाउसआर्ट्समार्फत, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरमार्फत जाते. जिवाला धोका असेल तर 112. आत्महत्येचे विचार येत असतील तर 113 किंवा मोफत 0800-0113, दिवसरात्र. ही संस्था देणग्यांवरही चालते. देणगी जरूर द्यावी, आणि डच न येणाऱ्या कुणासोबत दुभाषी म्हणून डॉक्टरकडेही जावे.