कुंडी घेण्याआधी तिच्यात पाणी ओतून पाहा

आमच्या वाशिमला उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तरी जेडचं बोन्साय उन्हानं सहसा मरत नाही. मरतं ते पावसाळ्यात, आणि तेही बहुतेक नव्या, देखण्या कुंडीत गेल्यावर.

शेजारच्या वहिनींकडे असंच एक जुनं जेड होतं. मनगटाएवढं खोड आणि काठ फुटलेली मातीची कुंडी. कुणीतरी निळ्या, चकचकीत चिनी मातीचा ट्रे भेट दिला. मृग लागताच झाड त्यात गेलं. सोबत शेतातली काळी माती आणि शेणखत. श्रावणात पानं पिवळी पडली आणि हात लागला तरी गळू लागली. वहिनींनी बोलावलं म्हणून झाड काढून पाहिलं. मुळांची साल बोटांत निसटून येत होती, आत नुसता दोरा उरलेला, आणि कुजका वास. रिकामा ट्रे फरशीवर ठेवून त्यात तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा खरी गोम कळली. छिद्र होतं, पण त्याची कड आतून उंच. थोडं पाणी वाहून गेलं, बाकीचं तळाशी तसंच राहिलं. बुंधा गेला. वरच्या निरोगी फांद्या कापून, चीर सुकवून लावल्या, त्या तेवढ्या जगल्या.

आपल्याकडे बोन्सायसाठी जेड म्हणून मिळतं ते बहुधा पोर्तुलॅकॅरिया आफ्रा. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं, तिथल्या हत्तींच्या आवडीचं झाड. तसंच बोन्साय म्हणून लावलं जाणारं अडेनियमही आफ्रिका आणि अरबस्तानातलं. दोघंही पाणी खोडात साठवतात, त्यामुळे ओलीत उभं राहणं त्यांना मानवत नाही. बोन्सायच्या पुस्तकांत मात्र कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीएवढी ठेवा, असा ठोकताळा असतो. तो पाइन, मेपल डोळ्यांसमोर ठेवून आलेला. रसाळ झाडाला तो जसाच्या तसा लावू नये.

कारण असं, की कुंडीतलं पाणी वाहून गेल्यावरही तळाशी ओल्या मातीचा एक थर उरतोच. त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नाही, मातीच्या बारीकपणावर ठरते. समजा तो दोन इंचांचा आहे. आठ इंच खोल कुंडीत वरची सहा इंच माती मोकळी राहते, अडीच इंचांच्या ट्रेमध्ये मात्र जवळपास सगळी मुळं चिखलात. तळाशी खापऱ्या घालूनही हा थर जात नाही, तो फक्त वर सरकतो. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरे. उथळ कुंडीच हवी असेल, तर माती भरड हवी.

आपली काळी माती तर कुंडीत दोन्हीकडून दगा देते. पावसात फुगून पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून निघून जातं आणि मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. मी चाळून, धुऊन घेतलेला मुरूम, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि थोडं जुनं खत घेते. चाळणीतून खाली पडलेली भुकटी कुंडीत जाऊ देत नाही.

कुंडी लालसर अंगाची, बिनचकाकीची असावी. माठासारखी ती अंगातून पाणी सोडते, म्हणून लवकर सुकते आणि उन्हात तापतेही कमी. ओलं बोट बाहेरून फिरवा, ओल लगेच शोषली गेली की कुंडी श्वास घेणारी. बोअरच्या पाण्यानं तिच्यावर पांढरे क्षार चढतात, ते ब्रशनं घासून काढता येतात. चकाकीची कुंडीही चालते, पण छिद्रं मोठी हवीत, खाली पाय हवेत आणि पावसाळ्यात जागा पत्र्याखाली.

मापही बेतानं घ्या. मुळांच्या गड्ड्याभोवती बोट-दोन बोटं जागा पुरे. मोठ्या कुंडीत ज्या मातीत मुळंच नाहीत, ती आठवडाभर ओली राहते. तोंड तळापेक्षा रुंद असावं. अडेनियमचा कंद फुगतो, अरुंद तोंडाच्या कुंडीतून तो पुढे कुंडी फोडल्याशिवाय निघत नाही.

असा उथळ, पसरट घाट दुकानात मिळाला नाही, तर कुंभाराला सांगा. आमच्याकडचे कुंभारकाका म्हणतात, “भाजल्यावर छेद पाडला तं तडकते, आधीच सांगत जा.” ओल्या मातीतच बोट जाईल एवढी दोन-तीन छिद्रं पाडून घ्या. झाड बांधायच्या तारेसाठी आणखी दोन बारीक सांगा, कारण हलतं झाड नवी मुळं धरत नाही. घेताना बोटानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठंतरी तडा आहे.

कुंडी बदलायला फेब्रुवारीअखेर ते मार्च ही वेळ चांगली. पावसाळ्याआधी मुळांना सावरायला अवधी मिळतो. आठवडाभर आधीपासून पाणी तोडा, बदलल्यावरही तितकेच दिवस देऊ नका, म्हणजे मुळांच्या जखमा सुकतात. रंग, नक्षी, किंमत हे सगळं नंतर. दुकानातच सपाट जागी कुंडी ठेवून तांब्याभर पाणी ओता. तळाशी डबकं राहिलं, तर ती कितीही सुंदर असो, परत ठेवा.