इंग्रजीतील कर्मणी रचना आणि हरवलेला कर्ता

गेल्या वर्षीची गोष्ट. एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रकात माझ्या हातून चूक झाली. इंग्रजीत त्याला ६३ गुण मिळाले होते. मी घाईत ३६ लिहिले. ते पत्रक शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत एका कचेरीत रवाना झाल्यावर चूक ध्यानात आली. दुरुस्तीचे पत्र इंग्रजीत धाडावयाचे होते. मी लिहिले, 'द मार्क्स वेअर राँगली एन्टर्ड. द एरर इज रिग्रेटेड.' पत्राची नक्कल विद्यार्थ्याच्या हाती दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि भीत भीत विचारले, "सर, चूक कोणी केली, हे ह्यात कोठेच नाही. मीच खाडाखोड केली असे त्यांना वाटले तर?"

विद्यार्थिमित्रहो, त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. 'पॅसिव्ह व्हॉइस' हे प्रकरण मी कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. परंतु ते बहुतेक वेळा वाक्ये उलटसुलट करण्याच्या कसरतीपुरतेच. लिहिणारा मनुष्य ही रचना कोठे आणि कशासाठी योजतो, ह्याचा विचार त्या दिवसापासून मी जरा निराळ्या रीतीने करू लागलो.

रचना तशी अवघड नाही. 'राम रोट द लेटर' हा ॲक्टिव्ह व्हॉइस. 'द लेटर वॉज रिटन बाय राम' हा पॅसिव्ह. 'बी' ह्या क्रियापदाचे काळाला अनुसरून येणारे रूप आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप, एवढाच तिचा सांगाडा. आपली अडचण निराळीच आहे, आणि ती आपल्या मातृभाषेतून येते. 'रामाने पत्र लिहिले' ह्यास मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग म्हणतात, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली, लेख लिहिला. त्यावरून विद्यार्थी असा समज करून घेतो की, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह आणि 'ने' म्हणजे 'बाय'. मग उत्तरपत्रिकेत 'द मँगो वॉज ईटन बाय माय ब्रदर' अशी वाक्ये ओळीने उभी राहतात. व्याकरणदृष्ट्या त्यांत चूक काढता येत नाही. पण इंग्रज मनुष्य असे बोलणार नाही. 'रामाने पत्र लिहिले' असे म्हणताना आपल्या मनात राम मागे सरलेला नसतो. तो वाक्याच्या अग्रभागीच असतो. तेव्हा त्याचे सरळ इंग्रजी 'राम रोट द लेटर' हेच होय. इंग्रजी पॅसिव्हशी खरे साम्य आहे ते 'पत्र लिहिले गेले' किंवा 'पत्र लिहिण्यात आले' ह्या रचनांचे.

माझ्या घरची भाषा कोंकणी. मराठीत 'मी जातो' आणि 'मी पुस्तक वाचले' ह्या दोन्ही वाक्यांत 'मी' जसाच्या तसा राहतो. कोंकणीत मात्र 'हांव वतां' आणि 'हांवें पुस्तक वाचलें' असे कर्त्याचे रूपच पालटते. त्यामुळे लहानपणी इंग्रजी शिकताना प्रत्येक 'हांवें'चे मी 'बाय मी' करीत असे, आणि वही तांबड्या शाईने भरून परत येत असे. तेव्हा हा दोष केवळ मराठी मुलांचा आहे असे कोणी समजू नये.

ह्याच्या उलट चुकाही पाहण्यासारख्या आहेत. 'मी जन्मलो' हे आपल्याकडे साधे कर्तरी वाक्य. इंग्रजीत मात्र तेथे 'आय वॉज बॉर्न' अशी पॅसिव्ह रचनाच लागते. 'आय बॉर्न' असे लिहून चालत नाही. दुसरीकडे 'अपघात झाला' ह्यातील 'झाला' पाहून मुले 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' असे लिहितात. 'हॅपन' हे अकर्मक क्रियापद. ज्याला कर्मच नाही त्याचा पॅसिव्ह होणार कसा?

आता मुख्य प्रश्न. कर्त्याला त्याच्या जागेवरून उठवावयाचे ते कशासाठी?

पुष्कळदा कर्ता ठाऊक नसतो किंवा सांगण्याची गरज नसते. 'द थीफ वॉज अरेस्टेड' म्हटले की पोलिसांनी पकडले हे कळतेच. छापील इंग्रजीतील बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत 'बाय' मुळी येतच नाही, हे तुम्ही कोणतेही वर्तमानपत्र उघडून पाहू शकाल. वर्गातल्या वाक्यांत मात्र तो 'बाय' हटकून असतो. हा आम्हा शिक्षकांचा दोष.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूसच्या चर्चवर निबंध लिहावयाचा आहे असे समजा. त्याचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये त्याचा पवित्रीकरणविधी झाला. 'द चर्च वॉज बिगन इन १५९४ अँड वॉज कॉन्सिक्रेटेड इन १६०५' असे लिहिले की वाचकाची दृष्टी त्या वास्तूवरून ढळत नाही. प्रत्येक वाक्यात बांधणारे, विधी करणारे, दुरुस्त करणारे असे नवनवे कर्ते पुढे आणले, तर निबंध चर्चचा न राहता माणसांच्या यादीचा होतो. ज्याविषयी बोलणे चालले आहे ते आधी आणि नवी माहिती मागून, हा इंग्रजी गद्याचा ओघ आहे, आणि तो राखण्याच्या कामी पॅसिव्ह फार उपयोगी पडतो.

विज्ञानाच्या वहीत 'द लिक्विड वॉज हीटेड' असे लिहावयास तुम्हांस शिकवितात, तेही अशाच हेतूने: प्रयोग कोणीही केला तरी फळ तेच यावे. परंतु हा काही विज्ञानाचा सनातन नियम नव्हे. प्रकाश व रंग ह्यांविषयीचा आपला शोध न्यूटनने १६७२ मध्ये प्रसिद्ध केला, तो 'मी असे केले, मला असे दिसले' अशाच भाषेत; आणि आज 'नेचर'सारखी नियतकालिकेही लेखकांना ॲक्टिव्ह रचनाच सुचवितात.

पॅसिव्ह रचनेचे बळ मला सर्वांत अधिक जाणवले ते मात्र आपल्या राज्यघटनेत. घटनेचा इंग्रजी मसुदा २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाला. त्याच्या उद्देशिकेत कर्ता अगदी ठसठशीत आहे: 'वी, द पीपल ऑफ इंडिया', आम्ही भारताचे लोक. तेच स्वीकारतात, तेच अधिनियमित करतात, तेच स्वतःस अर्पण करतात. पुढे अनुच्छेद १७ पाहा: 'अन्टचेबिलिटी इज अबॉलिश्ड'. येथे कर्ता नाही. कारण तो आरंभीच स्वतःचे नाव सांगून बसलेला आहे. अस्पृश्यता हाच शब्द आरंभी, आणि लगेच तिचा शेवट. ह्याच वाक्याचा ॲक्टिव्ह करून पाहा, म्हणजे धार कशी बोथट होते ते कळेल. अनुच्छेद २१ मध्ये 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड' असे शब्द आहेत. जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेणारा कोण, हे तेथे मुद्दामच मोकळे सोडलेले दिसते. एका अधिकाऱ्याचे नाव घातले असते, तर दुसरा सुटला असता. कर्ता न सांगितल्याने बंधन आकुंचित न होता विस्तारले आहे.

पण तीच मोकळी जागा लपण्यासाठीही वापरता येते. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांनी इराणला शस्त्रे विकण्याच्या प्रकरणाविषयी बोलताना जानेवारी १९८७ मध्ये 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' असे म्हटले. चुका झाल्या खऱ्या, परंतु कोणाच्या? ही युक्ती त्यांच्या आधीचीही आहे. १८७६ मध्ये अध्यक्ष ग्रँट ह्यांनी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात 'मिस्टेक्स हॅव बीन मेड' हेच शब्द आढळतात. मात्र हे सर्वांस दिसते व मलाही मान्य आहे, एवढे त्यांनी पुढे जोडले आहे. आपल्या मराठीतही 'कळविण्यात येते', 'निर्णय घेण्यात आला' अशी वाक्ये कचेऱ्यांच्या कागदांत बोकाळली आहेत. माझ्या मते ती इंग्रजी कारभाराचीच देणगी होय.

हे सारे पाहून कित्येक जाणत्यांनी पॅसिव्हवर बहिष्कारच घालावयास सांगितले. आपल्याच बिहारमधील मोतीहारीस जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी १९४६ च्या एका गाजलेल्या निबंधात, जेथे ॲक्टिव्ह चालेल तेथे पॅसिव्ह कदापि वापरू नये, असा नियम घालून दिला. गंमत अशी की, त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात पॅसिव्ह रचना आहे! मला हा नियम मान्य नाही. वाक्य लिहून झाले की 'कोणी?' असा प्रश्न त्याला विचारावा. उत्तर वाचकाला नको असेल, तर पॅसिव्ह खुशाल राहू द्यावा. वाचकाला ते हवे आहे आणि आपल्याला द्यावयाचे नाही, अशी स्थिती असेल, तर लेखणी थांबवावी.

माझे दुरुस्तीपत्र मी फाडले आणि दुसरे लिहिले: 'आय एन्टर्ड द मार्क्स राँगली. द स्टुडंट हॅज डन नथिंग टु द शीट.' इंग्रजी काही फारसे डौलदार नव्हते. परंतु विद्यार्थ्याने ते एकदाच वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. पंधरा दिवसांनी कचेरीकडून एका ओळीचे उत्तर आले: 'युअर लेटर हॅज बीन रिसीव्ह्ड अँड द करेक्शन हॅज बीन नोटेड.' तेथे मात्र 'कोणी?' असे त्याने विचारले नाही. मीही विचारले नाही.