लाडकी जुनी व्हीटेक विकताय? आधी हा हिशोब करा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या व्यावसायिक मित्रांसाठी आजच्या व्हिडिओचे मुद्दे. वही काढा.

उदाहरण घेऊ होंडा सिटी १.५ व्हीटेकचं. २००० साली आलेली ही १०६ हॉर्सपॉवरची गाडी शौकिनांनी अलॉय, सस्पेन्शन, एक्झॉस्ट घालून सजवली. आता विकायची वेळ आली, की मालक म्हणतो, "नुसत्या कामावर ३ लाख घातलेत!"

१. खर्च म्हणजे किंमत नव्हे. उल्हासनगरच्या जीन्सवाल्याला विचारा. एकाच्या फर्माइशीवर शिवलेला माल त्याने नाकारला, तर दुसरा त्याच भावात उचलत नाही. तुमची हौस तुम्ही वसूल केलीत. गिऱ्हाईक स्वतःच्या गरजेचे पैसे देतं.

२. गिऱ्हाईक ठरवा. रोज वापरणाऱ्याला मूळ गाडी हवी, शौकिनाला सजवलेली. काढलेले मूळ पार्ट जपले असतील, तर ते परत बसवा आणि महागडे पार्ट वेगळे विका. दोन्ही बेरजा मांडून बघा, मगच भाव सांगा.

३. कागद आधी, फोटो नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आरसीवरची तारीख आणि रंग तपासा. केलेले बदल लपवू नका, यादीच हातात द्या. लपवलेली गोष्ट मेकॅनिक दोन मिनिटांत काढतो, मग भाव आणि भरवसा दोन्ही पडतात.

४. नावावर करून द्या, मगच सुटलात. आपल्याकडे एमएच-०५, म्हणजे कल्याण आरटीओ. फॉर्म २९ आणि ३० भरायचे. परराज्यातला खरेदीदार असेल तर फॉर्म २८ वर एनओसी. "नंतर करतो" चालणार नाही. फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात गाडी विकून पुढे आणखी काही हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सुप्रीम कोर्टाने नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावरच टाकली. चावी दिली, पैसे घेतले, तरी कायद्याला मालक तुम्हीच!

गृहपाठ: एका कागदावर तीन रकमा लिहा: मूळ गाडीचा बाजारभाव, सुट्या पार्टचा भाव आणि ज्याच्या खाली विकणार नाही तो आकडा. तिसरा आकडा गिऱ्हाईक यायच्या आधी ठरवा. माया दारात उभी असताना हिशोब जमत नाही.