लहान मूल आणि घरातले कुत्रे



पूर्वी कुत्रे राखणीसाठी अंगणात किंवा खळ्यावर असे. आता दोन खोल्यांच्या घरातही हौसेने पॉमेरियनसारखे लहान कुत्रे पाळले जाते. पुढे घरात मूल जन्माला येते, ते रांगू लागते, आणि आजवर शांत असलेले कुत्रे एके दिवशी त्याच्या हातावर तोंड टाकते. मग कोणी चप्पल उगारतो, तर कोणी म्हणतो, "आजच्या आज लांब सोडून या." हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. ते कसे, हे येथे पाहू.

एक उदाहरण घेऊ. कुत्रे कॉटखाली पोळीचा तुकडा खात आहे. सव्वा वर्षाचे मूल रांगत त्याच्याकडे जाते. कुत्रे प्रथम खाणे थांबवते. त्याचे अंग ताठरते. ते तोंड फिरवते, जिभेने ओठ चाटते, डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागतो. मुलाला यातले काहीच कळत नाही आणि मोठ्यांचे लक्ष टीव्हीकडे असते. शेवटी कुत्रे गुरगुरते. वडील त्याला एक फटका देतात. असे तीन-चार वेळा घडले की कुत्रे गुरगुरणे सोडून देते आणि पुढच्या खेपेस सरळ चावते. घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावले!"

कारण होते, सूचनाही होती. ती सूचना आपणच मारून बंद केली. गुरगुरणे म्हणजे 'दूर व्हा' असे सांगणे होय. शिवाय मूल जवळ आले की मार बसतो, असे कुत्र्याच्या मनात ठसते आणि त्याला मुलाची अधिकच धास्ती वाटू लागते.

कुत्रे अंगावर येण्याची नेहमीची कारणे अशी : खाणे किंवा आवडती वस्तू हिरावली जाण्याची भीती, झोपेतून दचकून उठणे, शेपूट ओढणे, गळ्याला मिठी मारणे, कोपऱ्यात सापडल्यामुळे पळायला वाट नसणे, आणि दुखणे. लहान जातींच्या कुत्र्यांना दातांचे विकार पुष्कळदा होतात. कानही दुखतात. स्वभाव एकाएकी बदलला असेल तर प्रथम जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आता उपाय पाहू.

१) मोठे माणूस हाताच्या अंतरावर नसेल तर मूल आणि कुत्रे एकत्र ठेवू नयेत. दारात आडवी फळी लावली किंवा कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवले तरी चालते.

२) कुत्र्याला वेगळ्या जागी खाऊ घालावे. त्याची झोपायची जागा मुलाच्या हाताला लागणार नाही अशी असावी.

३) कुत्र्याच्या तोंडातली वस्तू हिसकावू नये. दुसरा खाऊ दाखवून ती सोडवून घ्यावी.

४) मूल दूर दिसत असताना कुत्रे शांत राहिले तर त्याला खाऊ द्यावा. काही आठवड्यांत हे अंतर थोडे थोडे कमी करावे. कुत्रे ताठरले तर पुन्हा मागे यावे, घाई करू नये.

५) मूल तीन-चार वर्षांचे झाले की खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये, हे रोज शिकवावे.

"एवढेसे तर कुत्रे आहे," असे म्हणून हसू नये. रांगणाऱ्या मुलाचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. रेबीजचा विषाणूही कुत्र्याचा आकार पाहत नाही. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र वेळेवर उपचार झाल्यास तो टाळता येतो. दात लागला किंवा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तंबाखू काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातली १४ इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. आजची लस दंडात, तर लहान मुलाला मांडीत देतात. रक्त आले असल्यास जखमेतही वेगळे औषध टोचावे लागते. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

अशा वेळी कुत्र्याला लांब सोडून आलो किंवा मारले, तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवता येत नाही. ते १० दिवसांनंतरही धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे डॉक्टरांना समजते व पुढचे उपचार ठरवता येतात. अर्थात, तोपर्यंत उपचारांसाठी थांबायचे नसते.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ मुले ओरखडा लपवतात, कारण "तू कशाला त्याच्याजवळ गेलास?" म्हणून मार बसेल अशी त्यांना भीती असते. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये, तसेच खरे सांगणाऱ्या मुलालाही मारू नये. जो आधी सूचना देतो, त्याला शिक्षा झाली तर पुढच्या वेळी सूचना मिळत नाही. घरातल्या मोठ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.