छापील पानावरची तारीख कोणाची?

संगणकावरून छापून घेतलेले पान हा आता खेड्यापाड्यांतूनही सर्वांच्या परिचयाचा कागद झाला आहे. जमिनीचा उतारा असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो की वीजबिल भरल्याची पावती असो, पानाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक तारीख उमटलेली असते. ती तेथे कोण लिहितो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तारीख चुकीची निघाली म्हणजे मात्र त्या बारीक अक्षरांवरून मोठा घोळ होतो.

जुलै २०२४ मधील एक प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या समोर घडला. प्रचारकार्याच्या निमित्ताने गोव्यातील एका गावी जाणे झाले असता तेथील कचेरीत एक माता आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची छापील प्रत घेऊन उभी होती. अर्ज ५ जुलै रोजी भरला होता; पानाच्या डोक्यावर मात्र ७/५/२४ असे छापलेले होते. संबंधित कर्मचाऱ्याने ते ७ मे असे वाचले आणि म्हटले, "बाई, योजना १ जूनला सुरू झाली. त्याआधीचा हा अर्ज मी कसा घेऊ?" बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "साहेब, पान शुक्रवारीच काढले हो." दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. खोटे, किंवा निदान परके, बोलत होते ते पान.

येथे प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. छापील पानावर दोन प्रकारच्या तारखा असतात. एक पानाच्या अंगातील, म्हणजे मजकुराचाच भाग असलेली. ती संकेतस्थळाने दिलेली असते. दुसरी पानाच्या कडेवरील. ही संकेतस्थळाची नसते, तर ज्या ब्राउझरमधून पान छापले जाते, तो ती आपल्या पदरची घालतो. क्रोममध्ये ती वर डाव्या कोपऱ्यात येते, फायरफॉक्समध्ये सामान्यतः खाली उजवीकडे. तिच्या जोडीला पानाचे शीर्षक, संकेतस्थळाचा पत्ता आणि पृष्ठक्रमांकही असतो. कडेवरील तारीख पान कधी छापले एवढेच सांगते, आणि तेसुद्धा छापणाऱ्या संगणकाच्या घड्याळावर विसंबून. अर्ज कधी भरला, याविषयी ती मुळीच बोलत नाही. सरकारी टपालावर आवक शिक्का पडतो, तोच प्रकार समजावा. शिक्क्याची तारीख ती पत्राची तारीख नव्हे.

मग ती चुकते कशी? पुष्कळदा ती चुकलेलीच नसते, तिचा क्रम तेवढा उलटा असतो. आपण आधी दिवस, मग महिना लिहितो. अमेरिकेत आधी महिना लिहिण्याची रीत आहे. क्रोमची भाषा इंग्रजी (युनायटेड स्टेट्स) अशी ठेवलेली असली, तर तो अमेरिकेच्या रीतीने तारीख छापतो. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे हा प्रकार लगेच उघडकीस येतो, कारण तेरावा महिना नसतो. परंतु पहिल्या बारा तारखांना दोन्ही वाचने शक्य असतात. दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असेल तेव्हा बिघडत नाही; ते बारा दिवस वगळले तरी वर्षाकाठी १३२ दिवस असे उरतात की ज्या दिवशी छापलेले पान दोन तऱ्हांनी वाचता येते. उपाय सोपा आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या ठिकाणी इंग्रजी (युनायटेड किंग्डम) निवडावी आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. विंडोजमधील तारखेची पद्धत बदलूनही क्रोमचे पान तसेच राहते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्याचे कारण हेच.

दुसरे कारण कालविभागाचे, इंग्रजीत ज्याला टाइम झोन म्हणतात त्याचे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. नवा संगणक मांडताना कालविभाग निवडण्याचे राहून गेले आणि तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहिला, तर तो उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे चालतो. येथे सकाळचे दहा वाजले असता त्याच्या मते आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. अशा यंत्राची खूण मोठी मजेशीर आहे : दुपारी साडेबारापर्यंत (हिवाळ्यात दीडपर्यंत) छापलेली पाने आदल्या दिवसाची आणि नंतरची त्याच दिवसाची! सकाळच्या अर्जदारांचेच कागद का परत येतात, हे कोडे मग कचेरीला सुटत नाही. अशा वेळी घड्याळाचे काटे हाताने पुढे ढकलू नयेत. तारीख व वेळ यांच्या सेटिंगमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असा कालविभाग निवडावा आणि वेळ आपोआप जुळविण्याची सोय चालू ठेवावी.

तिसरे कारण आपल्या पावसाळ्याशी निगडित आहे. संगणकाच्या मुख्य पट्टीवर बटणाएवढी एक चपटी बॅटरी असते; बहुधा ती ३ व्होल्टची, सीआर २०३२ या नावाची असते. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती क्षीण होते. पण प्लग लावलेला असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. विजा चमकू लागल्या की आपण प्लग काढून ठेवतो (आणि ते योग्यच आहे), आणि दुसऱ्या दिवशी संगणक कित्येक वर्षे मागे गेलेला आढळतो. घड्याळ इतके मागे गेले म्हणजे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. कारण त्या स्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि मागे पडलेल्या संगणकाला ती मुदत अद्याप सुरूच झालेली नाही असे वाटते. इशारा डावलून पुढे जाऊ नये. प्रथम घड्याळ पाहावे. बॅटरी बदलणे हे अल्प खर्चाचे काम आहे.

पानाच्या अंगातील तारीख चुकली तर शोध वेगळा घ्यावा लागतो. कधी ब्राउझर पूर्वी साठवलेले जुने पान दाखवितो. ते नव्याने मागविले की तारीख सुधारते. कधी संकेतस्थळ जागतिक वेळ नोंदविते. तसे असल्यास मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात भरलेल्या अर्जावर आदला दिवस पडतो. शेवटच्या तारखेला रात्री जागून अर्ज भरणाऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट तपासणाऱ्याने अवश्य ध्यानी ठेवावी.

कडेवरील तारीख नकोच असेल, तर क्रोममध्ये छापण्याच्या खिडकीत 'मोअर सेटिंग्ज' खाली 'हेडर्स अँड फूटर्स' यापुढील खूण काढावी. मात्र तिच्याबरोबर संकेतस्थळाचा पत्ताही जातो, आणि तो तपासणाऱ्याला उपयोगी असतो. म्हणून सरसकट तसे करणे लेखकाला पसंत नाही. संकेतस्थळ स्वतःच पीडीएफ प्रत देत असेल तर तीच घ्यावी, कारण तिच्यावर क्रोम आपली तारीख घालीत नाही. चुकीची तारीख पेनाने खोडून दुरुस्त करणे तर सर्वस्वी टाळावे. साध्या चुकीला त्यामुळे लबाडीचे रूप येते. शासकीय राजपत्राच्या मथळ्यावर महिन्याचे नाव अक्षरांत असते आणि जोडीला शक संवताची मितीही असते. तेथे असला गोंधळ संभवतच नाही.

त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तो सोमवार होता, ८ जुलै. कर्मचारी, त्या बाई आणि लेखक असे तिघे पलीकडच्या सेवा केंद्रात गेलो आणि त्याच संगणकावर तेच पान पुन्हा छापले. डोक्यावर उमटले ७/८/२४. कर्मचाऱ्याने ते सवयीने ७ ऑगस्ट असे वाचले आणि स्वतःच थबकला. महिनाभर पुढची तारीख आज कशी छापली जाईल? मग त्याने अर्ज क्रमांक घालून संकेतस्थळावरील नोंद पाहिली. तेथे महिन्याच्या नावासह ५ जुलै २०२४ अशी स्पष्ट तारीख होती. त्याने ती प्रतीच्या समासात लिहिली, खाली सही केली आणि अर्ज आवक नोंदवहीत चढविला. केंद्रचालकाने ब्राउझरची भाषा तेथल्या तेथे बदलली.