संगणकाचा ताप

मुलांनो, माणसाला ताप येतो तसा संगणकही तापतो. त्याच्या पोटात प्रोसेसर असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. फार तापला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर संगणक बंद पडतो. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते.

माझा मामा घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर पत्र्याच्या खोलीत राहतो. तो संगणकावर लग्नपत्रिका तयार करतो. मे महिन्यात दुपारी संगणक आपोआप बंद पडायचा आणि अर्धी पत्रिका जायची. गिऱ्हाईक ओरडायचं.

ताप बघायला छोटे प्रोग्रॅम मिळतात. टास्क मॅनेजर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की उघडतो. कोणता प्रोग्रॅम किती काम करतोय ते त्यात कळते, पण प्रोसेसरचा ताप कळत नाही. कोअर टेम्प खाली घड्याळाशेजारी अंश दाखवतो. आकडा इतका बारीक की आजीला दिसलाच नाही! एचडब्ल्यू मॉनिटर आताचा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे तीन आकडे देतो. मला हाच आवडला, कारण सारखं बघत बसावं लागत नाही. मात्र संगणक मध्येच बंद पडला तर आकडे पुसले जातात.

त्यात ९६ दिसले. मग मामाने बटण बंद करून पंख्यातली धूळ ब्रशने काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ७१ होते.